वत्सगुल्मातील पितृस्मरण : ताम्रपट, लेणे आणि पाण्याची घागर

वडिलांच्या पश्चात मुलांनी त्यांची आठवण कशी ठेवली, कोणत्या शब्दांत नोंदवली आणि कोणत्या कृतीतून पुढच्या पिढीच्या हाती दिली, या प्रश्नाचा इतिहास लिहिण्यासाठी महाराष्ट्रातील जी थोडी स्थळे विशेष उपयोगी पडतात, त्यांत वाशीमचा समावेश करावा लागतो. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडातील बासीम हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा बराच भाग अकोल्यात विलीन करण्यात आला होता. मात्र या भूमीचे राजकीय महत्त्व ज्या काळी सर्वाधिक होते, त्या काळी तिचे मुख्य नगर वत्सगुल्म या नावाने ओळखले जात असे आणि वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ती राजधानी होती. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह ज्या नगरात झाल्याचे वर्णन आहे, ते विदर्भातील नगर हेच. या नगराशी निगडित ताम्रपट, त्याच्या राजांच्या आश्रयाने कोरली गेलेली लेणी, जिल्ह्यातील तीर्थे आणि घराघरांतील वार्षिक विधी एकत्र ठेवून वाचले असता एक सूत्र स्पष्ट दिसते. येथे पित्याचे स्मरण केवळ नाव उच्चारून संपत नाही. ते दानाचे रूप घेते, आणि ते दान पुष्कळदा पाण्याचे असते.

या सूत्राला भूगोलाचाही आधार आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील पठारावर वसलेला हा प्रदेश तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांच्या पाणलोटरेषेवर आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, तर पैनगंगा, अडाण व अरुणावती यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नद्या येथे उगमाजवळ असल्याने त्यांचे पात्र लहान आणि उन्हाळ्यातील प्रवाह क्षीण असतो, त्यामुळे तळी, कुंडे, विहिरी आणि टाकी यांवर वस्तीचे जीवन अवलंबून राहिले. वाशीमजवळच्या हिस्से बोराळा येथील शिलालेख याचा प्राचीन पुरावा आहे. वाकाटक राजा देवसेनाच्या काळी, शके ३८० म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद त्यात आहे. पाणी साठवून ठेवणे हे ज्या प्रदेशात राजसेवकाच्या कीर्तीचे साधन होते, तेथे पितरांच्या नावे पाणी देणे हे सर्वांत मोठे पुण्य मानले जावे, हे स्वाभाविक आहे.

वत्सगुल्म शाखेचा इतिहासच मुळात एका मुलाने वडिलांचे नाव कोरून ठेवल्यामुळे सापडला. वाकाटक वंशाचा मूळ पुरुष विंध्यशक्ती आणि त्याचा पुत्र सम्राट पहिला प्रवरसेन यांच्यानंतर राज्याचे विभाजन झाले. एक शाखा नंदिवर्धन येथे, म्हणजे आजच्या रामटेकच्या परिसरात, राज्य करीत राहिली. दुसरी वत्सगुल्मास प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने स्थापन केली. या दुसऱ्या शाखेची स्वतंत्र ओळख विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीपर्यंत संशोधकांना नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात वाकाटकांची वंशावळ होती, परंतु तिच्यातील काही अक्षरे नष्ट झाल्याने जॉर्ज ब्यूलर यांनी प्रवरसेनानंतरची नावे रुद्रसेन व पृथिवीषेण अशी, म्हणजे नंदिवर्धन शाखेतील परिचित राजांची, वाचली होती. १९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेला ताम्रपट य. खु. देशपांडे व डी. बी. महाजन यांनी प्रकाशात आणला आणि चित्र बदलले. हा ताम्रपट विंध्यशक्ती दुसरा याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्मातून दिला असून नांदेडच्या परिसरातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची रचना आहे.

या ताम्रपटात राजा स्वतःची ओळख प्रवरसेनाचा नातू आणि सर्वसेनाचा पुत्र अशी करून देतो. आजोबांनी केलेले अग्निष्टोम, वाजपेय, चार अश्वमेध इत्यादी यज्ञ तो मोजून सांगतो, मग वडिलांचे नाव घेतो आणि त्यानंतर आपली आज्ञा देतो. ही दानपत्रांची ठरलेली शैली होती हे खरे. परंतु त्या ठरलेल्या शैलीनेच सर्वसेनाला इतिहासात परत आणले. वाशीमच्या ताम्रपटातील नावे हाती घेऊन वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा आधी रुद्रसेन म्हणून वाचलेले नाव सर्वसेन आणि त्यापुढचे विंध्यसेन, म्हणजे हाच विंध्यशक्ती दुसरा, असे निश्चित झाले. सर्वसेन हा केवळ राजा नव्हता. ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य त्याने रचले होते आणि आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली. ते काव्य आज संपूर्ण उपलब्ध नाही, आणि त्याच्या कर्त्याचा ऐतिहासिक ठावठिकाणाही फार काळ लागत नव्हता. पित्याच्या प्रतिभेने जे साधले नाही, ते पुत्राने तांब्यावर कोरलेल्या एका ओळीने साधले.

त्याच अजिंठ्याच्या लेखात पितृस्मरणाचे याहून अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण आहे. वत्सगुल्म शाखेचा अखेरचा थोर राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सोळावे लेणे कोरून घेतले आणि व्हरांड्याच्या बाहेरील भिंतीवर त्याचा लेख लिहविला. भाऊ दाजी लाड यांनी १८६३ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. लेखाचा पूर्वार्ध राजांच्या वंशावळीचा आहे. त्यात वयाच्या आठव्या वर्षी राज्यावर आलेल्या एका राजाचाही उल्लेख येतो, मात्र त्याचे नाव दगडाबरोबर झिजून गेले आहे. देवसेनाच्या वर्णनापाशी आल्यावर लेख राजाकडून मंत्र्याकडे वळतो. तो मंत्री म्हणजे वराहदेवाचा पिता हस्तिभोज. देवसेन राज्याचा भार त्याच्यावर सोपवून सुखोपभोगात रमला असे लेख सांगतो. म्हणजे प्रत्यक्ष कारभार हस्तिभोजाच्या हाती होता.

एवढ्या मोठ्या अधिकारावरील पित्याचे वर्णन करताना पुत्राने किंवा त्याच्या वतीने रचना करणाऱ्या कवीने कोणते गुण निवडले, हे पाहण्यासारखे आहे. हस्तिभोजाचे भव्य शरीर आणि शत्रूंवरील दरारा यांचे प्रशस्तीला साजेसे वर्णन लेखात आहेच. परंतु त्यानंतर तो विनयी, प्रेमळ आणि मन जाणून वागणारा होता असे म्हटले आहे, आणि प्रजेचे हित मनात बाळगून तिचे नीट पालन केल्यामुळे तो लोकांना आईसारखा, वडिलांसारखा, मित्रासारखा प्रिय आणि सहज जवळ जाता येईल असा झाला, अशा आशयाचे वर्णन येते. ‘अभिगम्य’ म्हणजे ज्याच्यापर्यंत कोणालाही संकोच न बाळगता पोहोचता येते असा. हा गुण प्राचीन राजनीतिग्रंथांनी राजाच्या ठायी अपेक्षिलेला असल्याने त्यात संकेताचा भाग आहे. तरीही मुलाने वडिलांविषयी कोरून ठेवावे असे वाटलेल्या गोष्टींत त्यांच्या दाराशी येणाऱ्या माणसाला भीती वाटत नसे, ही गोष्ट असावी, हे महत्त्वाचे आहे. राज्य चालविणाऱ्या माणसाची आठवण त्याच्या सत्तेपेक्षा त्याच्या जवळिकीने जपली गेली.

लेखाचा उत्तरार्ध हे लेणे कशासाठी कोरले ते सांगतो. आयुष्य, तारुण्य, धन आणि सुख ही सर्व अस्थिर आहेत हे ओळखून वराहदेवाने आईवडिलांना उद्देशून हे मुनींचे निवासस्थान करविले, असा त्याचा आशय आहे. ‘उद्देशून’ या शब्दामागे तत्कालीन बौद्ध उपासनेतील पुण्यसमर्पणाची कल्पना आहे. दान करणाऱ्याने त्या दानाचे पुण्य स्वतःपुरते न ठेवता मातापित्यांना आणि पुढे सर्व प्राणिमात्रांना अर्पण करावे, असा तिचा अर्थ. अजिंठ्याच्या भिंतींवर सामान्य भिक्षूंनी आणि उपासकांनी काढविलेल्या चित्रांखाली जे छोटे लेख आहेत, त्यांतही हाच साचा आढळतो. ‘देयधर्म’, म्हणजे धर्मासाठी दिलेली वस्तू, असा आरंभ करून तिचे पुण्य आईवडिलांना व सर्व जीवांना मिळो, अशी इच्छा त्यांत व्यक्त केलेली असते. मंत्र्याने संपूर्ण विहार दिला आणि भिक्षूने एक बुद्धप्रतिमा रंगविली. आईवडिलांचे स्थान मात्र दोन्ही दानांत सारखे राहिले. वराहदेवाच्या लेखात या विहाराचे खांब, वातायने आणि आतील बुद्धमंदिर यांच्या वर्णनासोबत पाण्याच्या मोठ्या साठ्याचा आणि नागराजाच्या मंदिराचा उल्लेख आहे. वाघूर नदीकडून वर येणाऱ्या वाटेवर आजही नागराजाची मूर्ती दिसते. नाग हा पाण्याचा रक्षक मानला जात असल्याने या दोन उल्लेखांचा परस्परांशी संबंध आहे. आईवडिलांच्या पुण्यासाठी केलेल्या या दानात डोंगर चढून आलेल्या माणसाच्या तहानेचीही सोय होती.

वराहदेवाच्या घराण्याची अधिक माहिती अजिंठ्यापासून जवळच असलेल्या घटोत्कच लेण्यातील लेखात मिळते. वल्लूर येथील ब्राह्मणांच्या या कुळाची पिढ्यांमागून पिढ्यांची नावे त्यात दिली असून तो क्रम हस्तिभोजाशी येऊन पोहोचतो. सोळाव्या लेण्यात राजवंश विस्ताराने आणि स्वतःचे कूळ थोडक्यात आले होते. येथे कुळाला स्वतंत्र जागा मिळाली. एकाच घराण्याचे हे दोन लेख शेजारी ठेवले की राजसेवकाच्या मनातील दोन ऋणे, स्वामीचे आणि पित्याचे, कशी वेगवेगळी मांडली जात हे लक्षात येते.

पुत्रांच्या या नोंदींबरोबर एका कन्येची नोंदही विचारात घ्यावी लागते, कारण वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेत तिने पित्याचे नाव ज्या ठामपणे पुढे ठेवले त्याला जोड नाही. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला होता. पतीच्या निधनानंतर युवराज दिवाकरसेन लहान असताना ती राज्यकारभार पाहत असे. या काळात नंदिवर्धनाहून दिलेल्या आणि पुणे येथे मिळाल्यामुळे त्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ताम्रपटात तिने सासरच्या वाकाटकांची वंशावळ न देता माहेरच्या गुप्तांची दिली, आपण चंद्रगुप्ताची आणि कुबेरनागेची कन्या असल्याचे सांगितले, आणि स्वतःचे गोत्र पित्याचे, म्हणजे धारण, असेच नोंदविले. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र बदलते ही पुढे रूढ झालेली समजूत लक्षात घेता हा उल्लेख असाधारण ठरतो. त्यात गुप्तांच्या सामर्थ्याचा राजकीय उपयोग होता हे उघड आहे. परंतु परक्या राजघराण्यात, वैधव्यात आणि मुलाच्या बाल्यात राज्य सांभाळणाऱ्या स्त्रीला पित्याचे नाव हाच आधार वाटला, हेही तितकेच खरे आहे.

तांबे आणि दगड ही साधने राजांना, मंत्र्यांना आणि सधन उपासकांना परवडणारी होती. सामान्य कुटुंबांनी वडिलांची आठवण विधीच्या रूपाने राखली आणि त्या विधीचे सविस्तर शास्त्र मध्ययुगीन धर्मनिबंधांनी रचले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातील श्राद्धकल्पाचा भाग एकट्याने एका ग्रंथाएवढा आहे. श्राद्ध म्हणजे श्रद्धेने पितरांना उद्देशून केलेले अन्नदान, आणि तर्पण म्हणजे तीळमिश्रित पाण्याची ओंजळ. या दोन्हींत पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नाव व गोत्र घेऊन उल्लेख होतो; त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांची रूपे मानले जाते. त्यापलीकडच्या तीन पिढ्यांना स्वतंत्र पिंड नसतो, हाताला चिकटून राहिलेल्या अन्नलेपाचा भाग तेवढा त्यांना मिळतो, म्हणून त्यांना लेपभागी म्हणतात. या रचनेत मानवी स्मृतीची मर्यादा ओळखलेली दिसते. जिवंत माणसाला ज्यांचा चेहरा, आवाज किंवा निदान सांगोवांगीची एखादी हकिकत माहीत असते, ते पूर्वज साधारणपणे तीन पिढ्यांतले असतात, आणि शास्त्राने नावानिशी आठवण्याचे कर्तव्य तेवढ्यावरच ठेवले.

याच व्यवस्थेत मुलीला प्रत्यक्ष अधिकार थोडा असला, तरी तिच्या पित्याच्या स्मरणाला वाट ठेवलेली आहे. पितृपंधरवडा भाद्रपद अमावास्येला, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, संपतो आणि दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, नातवाने आईच्या वडिलांचे श्राद्ध करावयाचे असते. मराठीत या दिवसाला आजेपाडवा म्हणतात. स्वयंपाक आई करते, पाणी मुलगा सोडतो, आणि ज्याला उद्देशून हे सारे चालते तो त्या आईचा बाप असतो. जात्यावरच्या ओव्यांत बाप, माहेर आणि माहेरची वाट यांना जे मोठे स्थान आहे, ते याच जाणिवेचे शब्दरूप होय. घरच्या विधीत ज्यांचा आवाज क्वचित ऐकू येई, त्या स्त्रियांनी पहाटेच्या दळणात पित्याच्या आठवणींची स्वतंत्र परंपरा उभी केली.

वाशीम शहराची धार्मिक ओळख प्रामुख्याने पाण्याशी निगडित आहे. ‘वत्सगुल्ममाहात्म्या’नुसार वत्स ऋषींच्या तपाने प्रसन्न झालेले देव त्यांच्या आश्रमात एकत्र जमले आणि त्यामुळे हे स्थान वत्सगुल्म झाले. या क्षेत्रात एकशे आठ तीर्थे असल्याचे परंपरा मानते. त्यांपैकी पद्मतीर्थ हे विष्णूने निर्माण केले अशी श्रद्धा असून अंत्यसंस्कारानंतरची रक्षा आणि अस्थी तेथे विसर्जित करण्याची चाल दीर्घकाळ चालत आली. ज्यांना गंगा किंवा गोदावरी गाठणे शक्य नव्हते, अशा कोरडवाहू प्रदेशातील कुटुंबांसाठी गावाजवळचे हे जल म्हणजेच वडिलांना निरोप देण्याचे स्थान ठरले. ज्यांना शक्य होते ते नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण किंवा काशी येथे जात आणि तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपले गाव, कूळ आणि आधीच्या पिढ्यांची नावे नोंदवीत. पुढे त्यांची मुले त्याच उपाध्यायाकडे गेली की वडिलांच्या हातची सही किंवा त्यांनी सांगितलेली नावे त्यांना वाचावयास मिळत. या वह्या म्हणजे सामान्यांचे ताम्रपटच होत.

विधिग्रंथांपेक्षा घरच्या स्त्रियांच्या हाती अधिक राहिलेला आणि म्हणून अधिक जिवंत असलेला पितृस्मरणाचा सण म्हणजे वऱ्हाड-खानदेशातील अक्षय तृतीया, अर्थात आखाजी. वैशाखाच्या ऐन उन्हाळ्यात येणाऱ्या या दिवशी मातीची नवी घागर आणि तिच्यासोबत लहान मडकी पाण्याने भरून पूजली जातात, वर आंबा आणि खरबूज ठेवतात, आणि पुरणपोळी, आमरस, चिंचवणी, कुरडया यांचा नैवेद्य दाखवून एक घास चुलीतल्या निखाऱ्यावर सोडतात. चिंचवणी म्हणजे चिंचेच्या कोळात गूळ घालून केलेले पातळ, आंबटगोड पेय. अनेक घरांत या दिवशी पितरांना दाखविल्याशिवाय नव्या हंगामाचा आंबा खात नाहीत. वर्षभरात वडील गेले असतील तर त्यांच्या नावाने पहिली घागर भरली जाते आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला पितर म्हणून आदराने जेवावयास बोलावितात. या सणात मंत्र थोडे आणि घरचे तपशील पुष्कळ असतात. वडिलांना कोणता पदार्थ आवडत असे, आमरसात ते तूप घेत की दूध, माठातले पाणी किती गार लागे, याची चर्चा स्वयंपाक होतानाच चालते. ज्यांची आठवण लेखात बसत नाही, ती येथे चवीच्या रूपाने टिकते.

पितरांना अन्न आणि अग्नी यांच्या साक्षीने आठवण्याची ही रीत एका जातीपुरती किंवा एका धर्मापुरती राहिलेली नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान झाले आहे. या समाजात दिवाळीच्या सुमारास निखाऱ्यावर तुपाचा व गोड पदार्थाचा नैवेद्य सोडून पूर्वजांची नावे घेण्याची चाल आहे. तिला धबुकार म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या तांड्याबरोबर फिरणाऱ्या समाजाला एका जागचे स्मारक उभारणे शक्य नव्हते, त्यामुळे नावे तोंडी जपणे हाच त्याचा दप्तरखाना ठरला. मंगरुळपीरसारख्या सूफी परंपरेच्या गावांत मुस्लिम कुटुंबे शब-ए-बारातला कबरींपाशी जाऊन वडीलधाऱ्यांसाठी दुवा मागतात. कारंजा येथील जैन भांडारांत हस्तलिखितांच्या रूपाने निराळीच परंपरा आढळते. शास्त्रदान, म्हणजे ग्रंथाची प्रत लिहवून मुनींना किंवा मंदिराला देणे, हे जैन गृहस्थाचे मोठे पुण्यकर्म मानले जाते आणि अशा प्रतींच्या शेवटी असलेल्या प्रशस्तीत दात्याचे कूळ, आईवडील आणि भाऊबंद यांची नावे लिहिलेली असतात. याच कारंजाच्या नावाने निघालेल्या जैन ग्रंथमालेत १९३० नंतरच्या दशकात हिरालाल जैन व प. ल. वैद्य यांनी संपादिलेले अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध झाले. जतन केलेल्या ग्रंथांच्या आश्रयाने सामान्य गृहस्थांच्या वडिलांची नावेही जतन झाली, हा या दानाचा अनपेक्षित लाभ होय.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणूनही प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या चरित्रात पितापुत्रसंबंधाचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’नुसार माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी जन्मलेले हे मूल मुंजीपर्यंत बोलले नाही, आणि मुंजीनंतर आईवडिलांची समजूत घालून संन्यासासाठी काशीस गेले. संन्याशाला श्राद्धाचा अधिकार राहत नाही, म्हणजे पुत्राने पित्यासाठी करावयाचे जे मुख्य कर्तव्य मानले गेले, तेच त्याच्या हातून सुटते. ‘गुरुचरित्र’ या पेचाचे उत्तर शास्त्रार्थाने न देता भेटीने देते. अनेक वर्षांनी नृसिंह सरस्वती कारंजास परत येतात, वृद्ध आईवडिलांना आणि बहिणीला भेटतात, त्यांचा उद्धार होईल असे आश्वासन देतात आणि पुढे जातात. मृत्यूनंतरच्या पिंडापेक्षा जिवंतपणी झालेली भेट येथे अधिक मोलाची ठरली आहे.

पितृस्मरणाच्या रूढ रूपांची कठोर तपासणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताच्या मध्यस्थीशिवाय संस्कार करण्याचा आग्रह धरला, आणि पुढे हा विचार वऱ्हाडच्या खेड्यांत रुजला. संत गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात तेरवीसाठी कर्ज काढून गावजेवण घालण्याच्या चालीवर आपल्या कीर्तनांतून प्रहार केले. त्यांच्या या आग्रहामागे स्वतःच्या घरचा अनुभव होता. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनामुळे लवकर गेले आणि लहानग्या डेबूजीला मामाच्या गावी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, वाढावे लागले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू आणि मांसाचे जेवण देण्याची जातीची रीत त्यांनी मोडली. वडिलांच्या आयुष्यातील दुःखाचे कारण ओळखून ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ न देणे, हेही पितृस्मरणच होय. गोडव्यापेक्षा निर्धाराने ठेवलेली ही आठवण अनेक धर्मशाळांच्या रूपाने लोकांच्या उपयोगी पडली.

या सुधारणेच्या विचाराने दानाची जुनी प्रवृत्ती संपली नाही. तिचे स्थान मात्र बदलले. शाळेची खोली, वाचनालयातील कपाट, स्मशानभूमीतील निवारा, बसस्थानकाजवळची उन्हाळी पाणपोई यांवर दिवंगत वडिलांचे नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ हे शब्द आज वऱ्हाडातील लहानमोठ्या गावांत सर्वत्र दिसतात. वराहदेवाच्या लेखातील मातापित्यांच्या उद्देशाचे हे मराठी रूप आहे, आणि पाणपोईत तर दानाची वस्तूही तीच राहिली आहे. अशा पाट्यांवर नाव असते, तारीख असते. माणूस मात्र क्वचितच असतो.

ती उणीव भरून काढण्याचे काम मराठी गद्याने केले. मराठी गद्याची मोठी सुरुवातच एका दिवंगत वडीलधाऱ्याच्या आठवणी गोळा करण्यातून झाली. वऱ्हाडातील रिद्धपूर येथे महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने तेराव्या शतकात, सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. थोरवीची विशेषणे देण्याऐवजी त्या पुरुषाने कोठे काय केले, कोणाला काय म्हटले, काय खाल्ले हे जसेच्या तसे नोंदवावे, ही दृष्टी त्यात आहे. आधुनिक काळात मुलांनी वडिलांविषयी लिहिलेल्या पुस्तकांत हीच दृष्टी घरच्या माणसाकडे वळली. व. पु. काळे यांनी नेपथ्यकार वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकाला ‘वपु सांगे वडिलांची कीर्ती’ असे नाव दिले. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांत वडिलांची कीर्ती सांगणाऱ्याची गणना आहे, हे ठाऊक असूनही ती सांगण्याचा हक्क मुलाने येथे घेतला. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे १९९३ मध्ये आलेले पुस्तक त्याहून पुढे जाते. ओझरहून मुंबईस गेलेल्या, पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेल्या आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने घडलेल्या दामोदर जाधव यांनी निवृत्तीनंतर लिहून ठेवलेल्या आठवणींचा त्याला आधार आहे. पिता येथे केवळ स्मरणाचा विषय राहत नाही, तो स्वतःच्या जीवनाचा एक लेखकही होतो. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्यातील बापाचे हे स्थान पितृस्मरणाच्या इतिहासात नवे आहे.

या दीर्घ परंपरेचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. नाव, गुण आणि दान ही पितृस्मरणाची तीन अंगे आहेत, आणि त्यांपैकी एकटे कोणतेही पुरेसे ठरत नाही. ताम्रपटाने नाव टिकविले, पण त्यातील सर्वसेन माणूस म्हणून कसा होता हे त्यातून कळत नाही. आखाजीच्या ताटाने आवडीनिवडी टिकविल्या, पण चौथ्या पिढीपाशी त्या विरून जातात. पाणपोईने तहान भागविली, पण ज्याच्या नावाने ती उभी राहिली त्याची ओळख पाटीपुरती उरली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ही तिन्ही अंगे एकत्र आली. तेथे हस्तिभोजाचे नाव आहे, त्याच्यापाशी सहज जाता येत असे ही त्याच्या स्वभावाची खूण आहे, आणि लोकांच्या उपयोगाचे दान आहे. म्हणूनच सुमारे दीड हजार वर्षांनंतरही तो पिता आपल्याला थोडाफार ओळखीचा वाटतो. वाशीम जिल्ह्यातील आजच्या कुटुंबांत पुष्कळ मुले-मुली अशी आहेत की ज्यांचे वडील किंवा आजोबा कोरडवाहू शेतीत, सालदारकीत किंवा तांड्यावर राबले आणि ज्यांच्याविषयी लिहू शकणारी त्यांच्या घराण्यातील पहिलीच पिढी ही मुले-मुली आहेत. या वडिलांची नावे कोणत्याही ताम्रपटात नाहीत आणि श्राद्धाच्या तीन पिढ्या उलटल्यावर ती उच्चारलीही जाणार नाहीत. त्यांच्याविषयी, अवघड गोष्टी न वगळता आणि तपशील न गाळता, आज लिहून ठेवणे हे या प्रदेशाच्या इतिहासलेखनाचे तातडीचे काम आहे; ते करण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी त्यांच्या मुलांची आहे.